ऐश, मौज आणि फूल सुदानी

"फूल नको! फूल नको! मी मरेन!"

दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या त्या सरकारी क्वार्टरचा जिना चढतानाच मला आरडाओरडा ऐकू आला. वर पोचले तर दार सताड उघडं. सहा वर्षांची इरा सोफ्यावर उभी. तिच्यापुढे चार वर्षांचा धाकटा भाऊ नील, उशीची ढाल करून. आणि समोर त्यांची आजी, माई, हातात झेंडूच्या फुलांची परडी घेऊन हतबुद्ध.

"जमिलाताई, बघा हो हिला काय झालंय," माई म्हणाल्या. "देवाला वाहायला फुलं आणली, तर भूत बघितल्यासारखी किंचाळतेय!"

"उस्ताआजी, तुम्हीच सांगितलं होतं ना!" इरा माझ्यावरच उखडली. "फूल खाल्लं की मी मरते म्हणून!"

आता मी हसू की डोकं धरू? आधी हसले. मग डोकं धरलं, कारण चूक बिचारीची नव्हती, अरबीची होती. शेंगदाण्याला अरबीत म्हणतात फूल सुदानी. आणि इराला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. साधीसुधी नाही, जिवावरची.

माझं काम आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई कोण. मी अरबीची इंटरप्रिटर, म्हणजे दुभाषी. दोन माणसांच्या मधे बसायचं आणि एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत सांगायचं. पदरचं घालायचं नाही, त्यांचं गाळायचं नाही. सरकारी नोकरीत जन्म गेला. रिटायर झाल्यावर घरी बसून करमेना, म्हणून गुरुग्रामच्या एका हॉस्पिटलमध्ये जाते. तिथे इराकहून, ओमानहून, सुदानहून पेशंट येतात आणि मी डॉक्टर आणि पेशंटच्या मधे स्टूल टाकून बसते.

माझं माहेर चिपळूणकडचं. नाव जमिला परकार असल्यामुळे लोकांना वाटतं अरबी मी आईच्या दुधाबरोबर प्यायले. छे हो! आमच्या घरी सगळे कोकणी ढंगाची मराठी बोलायचे. अरबी मी कॉलेजात शिकले, आणि व्याकरणाच्या पुस्तकावर डोकं ठेवून रडत रडत शिकले.

तर, प्राची सबनीसचा फोन आला. प्राची म्हणजे इराची आई. दिल्लीतल्याच एका मंत्रालयात नोकरीला, ओळखीतून ओळख. तिचा नवरा निखिल सरकारी इंजिनियर. त्याची कैरोला तीन वर्षांसाठी डेप्युटेशनवर नेमणूक झाली होती आणि तो पुढे गेलाही होता. हिने रजा घेऊन मुलांसकट मागून जायचं, असं ठरलं होतं.

"ताई, मुलांना खाण्यापिण्याचे अरबी शब्द शिकवाल का?" ती म्हणाली. "घरीच. खेळता खेळता."

"लहान मुलांना मी कधी शिकवलेलं नाही ग," मी म्हटलं. "मी मोठ्या माणसांची भांडणं ट्रान्सलेट करते."

"मग बिल्कुल जमेल. ही दोघं तेच करतात."

घरी गेले तेव्हा खरी गोष्ट कळली. मराठी घर आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी! विचार करा. काकडीच्या कोशिंबिरीत कूट, खिचडीत कूट, वांग्यात कूट. माईंनी त्या पोरीसाठी स्वयंपाकघरातून दाणा हद्दपार केला होता आणि साबुदाण्याची खिचडी ओलं खोबरं घालून करायला शिकल्या होत्या. तरी संक्रांतीला घात झालाच. माई, प्राची आणि इरा हळदीकुंकवाला गेल्या होत्या, कुणीतरी प्रेमाने इराच्या तोंडात तिळाची वडी भरवली. त्यात कूट होतं. पोरीची जीभ सुजली, श्वास घरघरायला लागला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत प्राचीने रिक्षात किती देव आळवले ते तिचं तिलाच माहीत.

"स्पष्ट सांगते, ताई," प्राची हळू आवाजात म्हणाली. मुलं आतल्या खोलीत होती. "तिथे शाळा, शेजारी, वाढदिवस. मी चोवीस तास तिच्या मागे नसणार. तिचं तिला सांगता आलं पाहिजे, त्यांच्या भाषेत. नाही जमलं तर मी मुलांना घेऊन इथेच राहणार. तीन वर्षं तो तिकडे, आम्ही इकडे. निखिलला सांगून टाकलंय."

आतल्या खोलीतली मुलं ऐकत नसतात, हा मोठ्या माणसांचा लाडका गैरसमज आहे. जाताना इराने मला दारात गाठलं. "आई म्हणाली तुम्हाला उस्ताज़ा म्हणायचं. म्हणजे काय?" मी म्हटलं, "बाईंना अरबीत उस्ताज़ा म्हणतात." ती म्हणाली, "अच्छा. उस्ताआजी, मला पटकन शिकवा. मला बाबांकडे जायचंय."

मला आजी म्हणवून घ्यायला आवडत नाही. पण त्या दिवसापासून मी उस्ताआजी झाले.

पुस्तक, फळा काही नाही. शाळा स्वयंपाकघरात. नियम एकच, जे हवं ते अरबीत मागायचं, तरच मिळेल. आता अरबीचा एक घोळ सांगते. पुस्तकातली अरबी वेगळी आणि बोलायची वेगळी, आणि बोलायची प्रत्येक देशात आणखी वेगळी. लबन म्हटलं की कैरोचा माणूस दूध देईल आणि बगदादचा दही. हॉस्पिटलात एकदा या लबनवरून डाएटिशियन आणि पेशंटची अशी जुंपली होती की मी दोन्ही वाट्या मागवून पुढ्यात ठेवल्या. म्हणून सबनीसांच्या घरी मी फक्त कैरोची बोली शिकवायची ठरवली.

पहिल्या दिवशी पोळी आणि केळं घेतलं. पुस्तकात पोळीला खुब्ज़ म्हणतात, पण कैरोत म्हणतात ऐश.

"ऐश?" प्राचीने लाटणं थांबवलं. "म्हणजे ऐश करणं वाली ऐश?"

"तोच शब्द. त्यांच्याकडे ऐश म्हणजे जगणं. भाकरी म्हणजेच जगणं."

"आणि केळं?"

"मोज़. पुस्तकात मौज़."

माईंनी ओट्यावर हात आपटला. "अहो, मग शिकरण-पोळी म्हणजे ऐश-मौज की हो!"

झालं! घरात जो काही गोंधळ माजला म्हणता! नील जमिनीवर लोळून हसत होता. इरा "ऐश-मौज, ऐश-मौज" करत ओट्याभोवती नाचत होती. माईंनी लगेच केळी कुस्करायला घेतली. प्राचीने व्हिडिओ कॉल लावला आणि दोन्ही पोरं कैरोतल्या बापावर ओरडली, "बाबा, आम्ही ऐश-मौज खातोय!" निखिलला वाटलं दिल्लीत सगळ्यांना एकदम वेड लागलं.

त्यानंतर माझा धडा म्हणजे तमाशाच झाला. अंजिराला अरबीत तीन म्हणतात. नील म्हणाला, "तीन." माईंनी विचारलं, "किती?" तो म्हणाला, "तीन." त्यांनी तीन अंजिरं दिली. पठ्ठ्याला गुपित कळलं. तो दिवसभर एकेक "तीन" मागून तीन-तीन मिळवत राहिला आणि रात्री त्याचं पोट बिघडलं. कांद्याला बसल. नील कांदा दाखवून "बसल!" म्हणाला की माई म्हणायच्या, "बसले रे बाबा, बसलेच आहे केव्हाची." जर्दाळूला मिशमिश. हा शब्द तर पोरांना इतका आवडला की त्यांनी जिन्यातल्या मांजरीचं नाव मिशमिश ठेवलं. कैरोत एखादी गोष्ट कधीच होणार नसेल तर म्हणतात, "बुकरा फिल मिशमिश", उद्या जर्दाळूच्या दिवसांत. इराला अभ्यासाला बस म्हटलं की ती मान वेळावून म्हणायची, "बुकरा फिल मिशमिश!" प्राचीने माझ्याकडे असं बघितलं की मी भिंतीवरच्या कॅलेंडरात तोंड घातलं.

असं हसतखेळत आम्ही फूल सुदानीपर्यंत आलो आणि तिथे गाडी अडली.

कैरोत फूल म्हणजे बाकल्याचे दाणे. वालासारखे, जाड. सकाळी त्यांची उसळ ऐशबरोबर खातात. इराला ते चालतं का, तेही प्राचीने तिच्या डॉक्टरांना विचारून घेतलं होतं, चालतं. चालत नाही ते फूल सुदानी. मी दोन्ही नीट समजावलं. पण सहा वर्षांच्या डोक्यात काय राहिलं? फूल खाल्लं की मरण.

माई फूल म्हणतात तेव्हा दोन्ही ओठ मिटून म्हणतात, शुद्ध मराठी. तो उच्चार आणि अरबी उच्चार यांत फरक आहे. पण ही पोरं दिल्लीची! दिल्लीत झाडावरच्या फुलालाही दात ओठावर टेकवूनच म्हणतात. त्यांच्या कानाला दोन्ही एकच. म्हणून झेंडूच्या परडीवर हल्ला झाला होता.

मी इराला मांडीवर घेऊन समजावलं. देवाचं फूल वेगळं, नाश्त्याचं फूल वेगळं, आणि पुढे सुदानी लागलं की मगच धोका. तिने शांतपणे ऐकलं. पटलं म्हणाली. मग संध्याकाळी जेवायला बसली आणि भाजी लांब सरकवली.

"फ्लॉवर मला चालत नाही."

"का ग?" प्राचीने विचारलं.

"फ्लॉवर म्हणजे फूलच ना?"

आता काय बोलता! माझी हसून पुरेवाट झाली. माई पदरात तोंड लपवून हसत होत्या. फक्त प्राची हसली नाही.

"ताई," ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "सगळं हसण्यावारी चाललंय. शब्द ढीगभर येतात तिला. पण उपयोग?"

"येईल ग हळूहळू."

"हळूहळूला वेळ नाहीये यार. तिकिटं काढायची की नाही, निखिल रोज विचारतोय."

मला राग आला. खरं तर ती बरोबर बोलत होती म्हणून आला. मी दुसऱ्या दिवशी कंबर कसून गेले आणि इराला थेट वाक्यच शिकवलं. मला अ‍ॅलर्जी आहे. कैरोच्या बोलीत, "अंदी हसासिया."

इराने ते दोनदा मनाशी म्हटलं आणि तिचे डोळे चमकले. "आनंदी! हसा, सिया!"

घ्या! सिया नावाची तिची मैत्रीण खालच्या मजल्यावर राहते. नील ओरडला, "सिया, हस!" आणि दोघं खिदळत सुटली. त्या दिवसापासून काय झालं, तर इरा "अंदी हसासिया" म्हणायला तोंड उघडायची आणि हसू फुटायचं. मी डोळे वटारले, आणखी हसू. प्राची रागावली, उचकी लागेपर्यंत हसू. जगात अ‍ॅलर्जी असल्याची बातमी इतक्या आनंदाने कुणी दिली नसेल. पण हसत सांगितलेलं कोण खरं मानणार? समोरचा म्हणेल, किती गोड पोर, घे एक लाडू.

मला झोप लागेना. माझ्या कामात एक गोष्ट पक्की असते, शब्द बरोबर असून भागत नाही, पोचावा लागतो. हा पोचत नव्हता.

वाट मला हॉस्पिटलात सापडली. ओमानचे एक आजोबा दाखल होते. हिंदी नाही, इंग्रजी नाही. जेवणाचा ट्रे आला की एकेका वाटीवर बोट ठेवायचे आणि विचारायचे, यात काय आहे? रोज. प्रत्येक वाटी. वाढणारी मुलगी वैतागायची, मला फोन करायची, "मॅडम, अंकल फिर से पूछ रहे हैं." मी एकदा त्यांना म्हटलं, बाबा, तुमच्या चार्टवर सगळं लिहिलंय, तुम्हाला चालणारंच येतं. ते म्हणाले, "बाळ, चार्ट स्वयंपाक करत नाही."

मी तिथेच उभी राहिले. अग बाई! मी पोरीला सांगायला शिकवत होते. विचारायला शिकवलंच नव्हतं.

संध्याकाळी मेट्रोतून उतरून तडक सबनीसांकडे. नवा खेळ. प्रश्न एकच, "फीह फूल सुदानी?" म्हणजे, यात शेंगदाणा आहे का? उत्तरं दोनच. "फीह" म्हणजे आहे. "माफीश" म्हणजे नाही.

"माफीश म्हणजे माफ," इराने स्वतःच बसवलं. "खायचं. आणि फीह म्हणजे?"

"फेकून द्यायचं!" नील गरजला.

यात हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून की काय, पोरगी हसली नाही. पण वेडी मात्र झाली. दिसेल त्याला विचारत सुटली. आमटीला, दुधाला, टूथपेस्टला. दप्तराला. सरोजिनी मार्केटमध्ये टी-शर्टच्या ढिगाला विचारलं, तो विकणारा म्हणाला, "सौ रुपये, फिक्स है." रिक्षावाल्याला विचारलं, "फीह फूल सुदानी?" तो मागे न बघता म्हणाला, "मीटर खराब है जी." नील प्रत्येक वेळी दुसऱ्या बाजूने "माफीश!" ओरडायचा. माई पूजा करून प्रसादाची वाटी पुढे करत आणि इराचा प्रश्न यायच्या आत स्वतःच म्हणत, "माफीश ग माझी बाई, माफीश!"

प्राचीचं तरी समाधान होईना. "आपल्याला विचारते हो. अनोळखी घरात, अनोळखी माणसाला विचारेल का? ते बघायचंय मला."

"परीक्षा घेऊ," मी म्हटलं.

हॉस्पिटलात हाशिम नावाचा माझा सहकारी आहे. सुदानचा. बाहेरून येणाऱ्या पेशंटची सगळी व्यवस्था तो बघतो. शिकला पुण्यात, त्यामुळे मला रोज सकाळी मराठीत विचारतो, "काय बाई, चहा झाला का?" बायको मुलांसह माहेरी गेली होती आणि तो गुरुग्रामच्या एका उंच सोसायटीत राहत होता. त्याला सगळं सांगितलं.

"बिनधास्त आणा," तो म्हणाला. "मी जेवण करतो. घरात एक दाणा ठेवणार नाही. ती विचारेल, मी माफीश म्हणेन. पास!"

म्हणजे परीक्षा लुटुपुटूची. पेपर आम्हीच काढलेला, उत्तरही आम्हालाच माहीत. प्राचीने तरी पर्समध्ये इराचं अ‍ॅलर्जीवरचं इंजेक्शन घेतलं. मुलांना एवढंच सांगितलं की अरबी बोलणाऱ्या काकांकडे जेवायला जायचंय.

रविवारी दुपारी आम्ही पोचलो. लिफ्टमध्ये इराने माझं बोट घट्ट धरलं होतं. "उस्ताआजी, आज नीट बोलले तर आई जाऊ देईल ना?" तिने कुजबुजत विचारलं. कुणी तिला परीक्षा म्हणून सांगितलं नव्हतं, पण पोरं मूर्ख नसतात.

दार उघडलं. हाशिमच्या मागे एक जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याच्या आजीबाई उभ्या. अंगभर पातळ रंगीत कापड गुंडाळलेलं, आपल्या लुगड्यासारखं.

"ही माझी खाला," हाशिम म्हणाला. खाला म्हणजे मावशी. "गुडघा दाखवायला काल आलीय. तिला फक्त अरबी येतं."

"खाल्ला?" नील दचकून म्हणाला. "कुणी खाल्ला?"

हसत हसतच आम्ही आत गेलो. टेबलावर चिकन, भात, काकडी-टोमॅटो, ऐशचा ढीग. इरा एकेका बशीपाशी गेली आणि हाशिमला विचारू लागली. "फीह फूल सुदानी?" हाशिम गंभीर चेहरा करून, "माफीश." पुन्हा प्रश्न, "माफीश." प्राचीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू दिसलं. मी तिला कोपराने ढोसलं. बघ! झाली पास. सगळे जेवायला बसलो.

तेवढ्यात खाला स्वयंपाकघरातून आणखी एक वाडगा घेऊन आल्या. भाजलेलं, कुस्करलेलं वांगं, वरून लिंबू.

"भरीत!" इरा टुणकन उडाली. भरीत म्हणजे तिचा जीव की प्राण.

खाला खूश. त्यांच्याकडे पाहुण्या पोराला घरची थोरली बाई पहिला घास हाताने भरवते. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? त्यांनी ऐशचा तुकडा मोडला, वांग्यात बुडवला आणि घास इराच्या तोंडापाशी नेला. प्राची कौतुकाने बघत होती. मी भात वाढून घेत होते. आम्हाला माहीत होतं ना, या घरात दाणा नाही म्हणून!

इरा मागे सरकली. "अंदी हसासिया," ती म्हणाली, आणि फिस्सकन हसली.

खालाही हसल्या. लाजतेय पोर, असं वाटलं त्यांना. तिचा गाल ओढला आणि घास आणखी जवळ आणला.

मग इराने हसणं थांबवलं. दोन्ही हात तोंडावर ठेवले. बोटांच्या फटीतून, अगदी स्पष्ट विचारलं, "फीह फूल सुदानी?"

खालांचा चेहरा अभिमानाने फुलला. "फीह!" त्या म्हणाल्या. "असणारच! शेंगदाणा घातल्याशिवाय का हे होतं? मी स्वतः घरून आणलाय वाटून. आपल्या सुदानचा!"

हाशिमच्या हातातला चमचा खाली पडला. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं क्षणात इकडची तिकडे केली, आणि ते एक वाक्य प्राचीला मराठीत सांगायला माझी जीभ उचलली नाही.

गरजही पडली नाही. "ला, शुक्रन," इरा म्हणाली. नको, धन्यवाद. "खाला, अंदी हसासिया." या वेळी चेहऱ्यावर हसू नव्हतं. आणि तिने आपली ताटली उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली.

मग जी काही धांदल उडाली! हाशिमने वाडगा उचलून आत पळवला. खालांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, एकदा नाही, तीनदा. सुदानी वांग्याच्या या पदार्थात वाटलेला दाणा घालतातच. भाच्याने घरातले दाणे टाकले होते, पण मावशीच्या बॅगेत बरणी होती, ते त्याला काय माहीत! तिला सांगायचं राहूनच गेलं होतं. वांगं बेचव लागलं तर पाहुण्यांसमोर लाज, म्हणून त्या माउलीने आम्ही यायच्या आधी गुपचूप कालवून ठेवलं. टेबल पुसलं, ताटं बदलली, ऐश नवी आणली. प्राचीने इराचे ओठ, जीभ, हात दहादा तपासले. काही लागलं नव्हतं. नील शांतपणे कोंबडीची तंगडी चघळत म्हणाला, "माझ्यात फीह का माफीश, कुणी सांगेल का?"

खाला रडत होत्या. इरा त्यांच्यापाशी गेली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली. मग आईकडे वळली.

"आई, मी विचारलं ना?"

प्राचीने मान हलवली.

"तुम्ही कुणीच नाही विचारलं. मी विचारलं."

"हो ग राणी."

"मग बाबांकडे जायचं?"

प्राचीने तिला पोटाशी धरलं आणि जोरजोरात मान हलवली. मीही रडले. हाशिम खिडकीबाहेर बघत पुण्याच्या मराठीत म्हणाला, "काय बाई, डोळ्यांत पाणी आणलंत."

तिकिटं त्याच संध्याकाळी काढली. आता ती कैरोत आहेत. परवा प्राचीचा फोन आला होता. इराच्या शाळेत मुख्याध्यापिकेने तिला वाढदिवसाचा केक दिला, तर ही म्हणाली, आधी बनवणाऱ्याला बोलवा. बाई जरा रागावल्या. मग केक करणाऱ्याला खरंच बोलावलं.

मी आता आणखी दोन घरी पोरांना शिकवते. पदार्थांची नावं शिकवायला मजा येते, शिकवावीतच. पण पहिल्या दिवशी मी आधी प्रश्न शिकवते. आईबाप म्हणतात, ताई, आम्ही खात्री करून घेऊ की. मी म्हणते, जरूर घ्या. त्या दिवशी हाशिमची खात्री होती, प्राचीची होती, माझी होती. तिघांच्याही खात्रीत शेंगदाणे निघाले.